तेरा आठी

मिनीबस वळली आणि फाट्यावर माझी बॅग उरली,
आणि मी.
नोव्हेंबर. द्राक्षं केव्हाच उतरवलेली,
वेलींवर गंजक्या रंगाची पानं,
खाली अलाझानीचं खोरं, त्यावर ढग,
आणि ढगांच्याही वर, उगाच जास्तीचा वाटावा असा, बर्फ.

गावात एक चौक, एक औषधांचं दुकान,
वाइनच्या म्युझियमला कुलूप.
कानात पिवळा बिल्ला असलेल्या कुत्र्याने
मला सगळं गाव फिरवून दाखवलं.
पंचवीस मिनिटं लागली.

खोली देणाऱ्या लामाराने एक बोट वर केलं : एकटीच?
मी फोनला सांगितलं, फोनने तिला.
तिने जे विचारलं ते फोनने मराठीत असं आणून दिलं :
तू उरली आहेस का?
हसायला तोंड उघडलं
आणि हो म्हणाले.

घरामागच्या कोठीत सात रांजण,
गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेले. क्वेव्री म्हणतात.
सहांची तोंडं चिखलाने लिंपलेली, आत सालीबियांसकट
काहीतरी आपापलं मुरत होतं.
सातवा उघडा. धुवायचा राहिलेला.
धुणारा नातू पोलंडमध्ये ट्रक चालवतो,
आणि म्हातारे जुंबेर आता त्या तोंडातून
फक्त पोटापर्यंत जातात.
हे त्यांनी करून दाखवलं.

मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं,
म्हणजे दोघांनी, आणि कुत्र्याने.

मी, घरात जिला चिंगळी म्हणत,
छप्पन्न वर्षांची, पाणीपुरवठ्याची बिलं तपासून निवृत्त,
जिने माळ्यावरचा डबाही कधी स्वतः काढला नाही,
बूट काढले.

आधी दोरीला बांधून मेणबत्ती सोडली.
विझली तर कुणी उतरायचं नाही.
विझली नाही.

आत थंड. चुन्याचा वास, त्याखाली जुना आंबूस वास.
हातात चेरीच्या सालींचा ब्रश,
डोक्यावर ताटाएवढा उजेड.
गात राहा, असं बजावलं होतं त्यांनी,
आवाज थांबला की आम्ही ओढून काढणार.

मला एकही गाणं पुरतं येत नाही.
म्हणून पाढे.
बे एके बे. बे दुणे चार.
मातीच्या पोटात आवाज असा फिरला
की सबंध वर्गच म्हणतोय, खिडकीपासून दारापर्यंत.
आठाच्या पाढ्याला वरून खर्ज लागला,
जुंबेरचा, लांब, एकाच सुरात.
प्रार्थना वाटली असेल त्यांना.
नऊ, दहा, अकरा, घासत घासत, खर्जावर बसून,
तेरा साती एक्याण्णव,
तेरा आठी

आणि गेलं.
समोर ओली भिंत. तेरा आठी.
ब्रश थांबला.

वरचा उजेड एकदम बुजला,
दोन डोकी एकाच वेळी घुसली होती तोंडात.
शालन! शालन!
इतक्या घाईने माझं नाव
कुणी घेतल्याला किती वर्षं झाली,
मोजायला लागले तिथेच, उभ्या उभ्या,
आणि दोन श्वास ओ दिली नाही.

चूकच ती. लामाराचे हात नंतर कितीतरी वेळ
कापत होते पाव मोडताना.

रात्री पाव, चीज, अक्रोड,
आणि कावीच्या रंगाची वाइन,
सुपारीसारखी जिभेवर तुरट.
फोन मेला होता. जुंबेर पेला धरून उभे राहिले,
बरंच काही बोलले, त्यात एकदा पोलंड होतं,
एकदा मी.
मीही उठले. काय बोलले आठवत नाही,
मराठीत बोलले.

झोप येईना. नखांत चुना.
बाराच्या सुमाराला, काही नसताना, आलं :
एकशे चार.
अंधारात मोठ्याने म्हटलं.
भिंतीपलीकडून
कुणीतरी खोकून पोच दिली.